पारड्यातला पाऊण तास

जळगाव,
दि. २ जानेवारी १९६९

प्रिय सुमन,

आजवरच्या प्रत्येक पत्राला मी 'चि. सुमन' असा मायना घातला. आज 'प्रिय' लिहिले आहे ते विचार करून. मी विचार न करता शाई खर्च करत नाही, हे तुला ठाऊक आहे.

आधी घरची हकीकत. तुझी आई बरी आहे. दुकान चांगले चालले आहे. मागच्या आठवड्यात रावेरहून केळीवाल्यांचे दोन मोठे काटे दुरुस्तीला आले. दोन्ही भरल्या वजनाला अर्धा-अर्धा किलो खोटे बोलत होते, आता बोलत नाहीत. मी चौथी शिकलेला माणूस, कोणा उस्तादाच्या हाताखाली राहिलो नाही, मोडके काटे उघडून उघडून शिकलो. तरी काट्यांवर सरकारी शिक्का मारायला येणारे साहेब माझ्या कामावर दुसऱ्यांदा वजन ठेवून पाहत नाहीत. हे तुला नव्याने सांगायला नको, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

आता दुसरी बातमी. घाबरू नकोस, सगळे ठीक झाले आहे. दर सोमवारी दुकान उघडल्यावर मी पहिले वजन स्वतःचे करायचो. वैशाखात आखाजीला ते ६३ किलो ४०० ग्रॅम होते. पोळ्याला साठ झाले, दसऱ्याला ५७ किलो ८००. दुसरा कोणी असता तर डॉक्टरकडे गेला असता. मी काटा उघडला. ज्या पोलादी धारेवर दांडी टेकते ती रॉकेलने पुसली, शिक्क्याची वजने लावून पाहिली. काटा चोख. असा तीनदा उघडला. शेजारचा अमीन लोहार बघत होता. तो म्हणाला, जीवरामभाऊ, काटा तीन वेळा खोलून झाला, आता एकदा स्वतःला खोलून बघा.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. छातीचा फोटो काढला, लघवी तपासली, सगळे स्वच्छ निघाले. त्यांनी विचारले, घरी काही काळजी? मी म्हणालो, काही नाही. तुझी आई बाजूलाच बसली होती. ती कधी नव्हे ते मध्ये बोलली, आणि तिच्या माहेरच्या बोलीत बोलली: "यासना काटा बरोबर शे, पन पोर घर येत नही." डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी समजावून सांगितले की चिंता एकच असली तरी शरीरे निराळी. एकाच्या घशाखाली घास उतरत नाही, दुसऱ्याचा हात डब्यातून निघत नाही, आणि त्याला कळतही नाही की आपण खातो आहोत. ते भुकेचे खाणे नसतेच. एक वाळतो, दुसरा फुगतो, दोघांचीही झोप उडते. मी हे घरी येऊन वहीत उतरवून ठेवले. औषध म्हणून त्यांनी सांगितले ते इतकेच, की जेवण ठरल्या वेळेला आणि बसून करा, सकाळी चाला, वजन महिन्यातून एकदाच करा, आणि मनात जे आहे ते ज्याचे त्याला सांगून टाका.

पहिल्या तीन गोष्टी मी लागलीच सुरू केल्या. दुपारी दुकानाची एक फळी लावून घेतो आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी सावकाश खातो. पूर्वी गिऱ्हाईकाशी बोलता बोलता उभ्याने दोन घास टाकायचो. पहाटे अमीनबरोबर मेहरूणच्या तलावापर्यंत जातो. सुरुवातीला पावले मोजायचो. जाताना चार हजार दोनशे भरली, येताना चार हजार तीनशे दहा, आणि हा फरक का पडावा म्हणून मी वाटेतच थांबलो. अमीन म्हणाला, तुम्ही बसा मोजत, मी फिरायला चाललो. तेव्हापासून मोजत नाही. तलावावर बदके उतरतात, ती बघतो. भूक लागते, झोप येते. अंगावर पुन्हा मांस चढू लागले आहे.

राहिली चौथी गोष्ट.

दिवाळीत तू आली नाहीस, पण धुळ्याला शिकताना तुझ्या खोलीत राहणारी साबेरा दुकानात आली होती, वडिलांचा मसाल्याचा तराजू घेऊन. पोर धीट आहे. काटा लावून होईपर्यंत ती बोलत राहिली. म्हणाली, दर शनिवारी तुमचे पत्र यायचे, आणि त्यात गुण विचारलेले असायचे, विषयवार. पत्र आले की सुमन ताटावर बसायची नाही, आणि मग पुस्तक समोर धरून चिवड्याचा डबा संपवायची. मी तिला तराजू दिला.

पद्मालयाला आपण तुझी गुळाची तुला केली, त्याला आता सहा महिने झाले. तू मास्तरीण झालीस तर गणपतीपुढे तुला गुळाने तोलीन, हा नवस माझा. तू धुळ्याहून एस.टी.ने परस्पर एरंडोलला आलीस. गूळ मी मागच्या दिवाळीच्या तुझ्या वजनाने आणला होता, ४५ किलो, वर अर्धा किलो जास्तच. काटाही माझाच, देवळातल्या काट्यावर माझा विश्वास नव्हता. तू पारड्यात बसलीस आणि पारडे जमिनीवरून हलले नाही. तुलेचा विधी मोडू नये म्हणून मी तुला उतरू दिले नाही. दुकानात हाताखाली असलेल्या झुलालला सायकलवरून शेजारच्या गावी गुळाला पिटाळले. पाऊण तास तू पाय पोटाशी घेऊन बसून होतीस. माणसे येत होती, बघत होती, आणि मी त्यांना दांडी दाखवत होतो, वजने लावून दाखवत होतो, मोठ्याने सांगत होतो की दोष काट्यात नाही. तू खाली मान घालून विचारलेस, "नाना, मग कोणात आहे?" मी म्हणालो, "नऊ किलो कमी पडतात." लोकांनी माझ्या अचूकपणाला मान डोलावली. मला बरे वाटले होते, सुमन. हे लिहायला जड जाते, पण खरे आहे. तू तशीच एस.टी.ने धुळ्याला परत गेलीस, तिथून दोंडाईच्याला नोकरीवर, आणि आईला दोन ओळींची कार्डे येत राहिली.

तुझ्या प्रश्नाला मी त्या दिवशी आकडा सांगितला. उत्तर द्यायचे राहिले होते, त्यासाठी हे पत्र. दोष माझ्यात होता. या पत्रात मी तुला एकही आकडा विचारलेला नाही, पाहिजे तर पुन्हा वाचून बघ. संक्रांतीला शाळेला सुटी असेलच. मी सुरतकडून दोंडाईच्यावरून येणारी प्रत्येक गाडी स्टेशनवर उभा राहून बघेन. आईने आजच तीळ निवडायला घेतले आहेत. गूळ किती घेतला, ते मी तिला विचारले नाही.

तुझाच,
नाना