तिसऱ्या मजल्याची सही

२६ फेब्रुवारी

चि. उचापतीस अ. उ. आ.

पत्र मिळालं. चार पानं, त्यातली साडेतीन नुसती मतं. लिफ्टची इंजिनियर झाल्यापासून तुला कशावर मत नाही ते विचारायला हवं. सिनेमात लिफ्टचा दोर तुटतो ते थोतांड, खऱ्या लिफ्टला पाच-सहा दोर असतात, असं लिहितेस. आधी सांगायचं होतंस, मी तो सिनेमा उगाच जीव मुठीत धरून पाहिला. बोलणाऱ्या लिफ्टचं तोंड बंद करावं, हे पटलं. दार उघडतंय ते दिसतंच की. उत्तम यंत्र म्हणजे ज्याची कुणाला आठवणही होत नाही, हेही खरं; घरातल्या बाईचं तसंच असतं, पण तिला कुणी उत्तम म्हणत नाही. सहानंतर कामावर थांबणारा एकतर दिवसा झोपतो नाहीतर साहेबाला भितो, हे तुझ्या बापाला वाचून दाखवलं. तो आठला घरी आला होता.

शेवटी मात्र बारीक अक्षरात एक ओळ आहे: हॉस्पिटलच्या लिफ्टवर सही अजून केली नाही. तू जे बारीक लिहितेस तेच खरं असतं. काय भानगड आहे ते सरळ लिही. फोन नको, फोनवर तू नुसती हो-हो करतेस.

लोभ आहेच, तो मागत बसू नये.

आजी


३ मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

पकडलंस. नव्या हॉस्पिटलात रुग्णांना स्ट्रेचरवरून न्यायची लिफ्ट आमच्या कंपनीने बसवलीय. ती ठीक आहे असं मी सही करून लिहून दिल्याशिवाय सुरू होत नाही. रिकामी असली की ती प्रत्येक मजल्यावर फरशीला फरशी लावून थांबते, आणि सगळे तिला रिकामीच तपासतात. मी आत वजनं भरली, स्ट्रेचरवर काठोकाठ पाण्याचं पातेलं ठेवलं आणि मजल्यामजल्यावर ते बाहेर ढकललं. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट अंगठाभर खाली बसली आणि अर्धं पातेलं माझ्या बुटात. ऑपरेशनचे रुग्ण नेमके तिसऱ्यावरच असतात.

साहेब म्हणतात, अंगठाभराने काय होतं, उंबरा माणूस रोज ओलांडतोच. पंचवीस तारखेला उद्घाटन आहे, पत्रिका वाटून झाल्यात. सही आत्ता, दुरुस्ती मागाहून. मी नाही म्हटलं. पंधरा तारखेपर्यंत विचार कर, नाहीतर स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजत बस, असं ऐकवलंय. बाबा म्हणतात, नोकरीला वर्ष झालं नाही, एवढं ताणू नकोस. यंत्रांबद्दल माझी मतं पक्की आहेत गं, पण स्टोअरची भीती वाटते. मी हट्ट करतेय का?

रागावलीस तरी उत्तर धाड.

तुझी उचापत


७ मार्च

चि. उचापतीस अ. उ. आ.

हट्टच करतेयस. कर. बापाचं मनावर घेऊ नकोस, तो लहानपणी पायरी उतरतानाही परवानगी मागायचा.

मी एकतीस वर्षं गणवेशाच्या कारखान्यात शिवण केली. नवा दोरा आला की आधी दाताने तोडून बघायची. एकदा उंचावर चढून रंग देणाऱ्यांचे कमरपट्टे शिवायला आले आणि दोरा असा, की ओठाने तुटेल. मी मशीनवरून पाय काढला. मुकादमाने विचारलं, पट्टा काय तुझा नवरा बांधणार आहे. मी म्हटलं, नवरा बांधणार असता तर एखादवेळी शिवलाही असता. दोरा बदलला, पण मला वर्षभर बटणं लावायला बसवलं. लावली. त्या वर्षीचं एक बटण तुटलेलं कुणी आणून दाखवावं. तेव्हा स्टोअरचा बाऊ करू नकोस. तिथेही छप्पर असतंच. खोटी सही करून खुर्चीत बसायला मात्र निगरगट्ट बूड लागतं, ते आपल्या घराण्यात नाही.

आणि पातेल्याला तोंड नसतं. स्ट्रेचरवर जिवंत माणूस झोपव. साहेबच झोपला तर उत्तम.

जेवत जा. लोभ कमी झालेला नाही.

आजी


२८ मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

पंधरा तारखेला साहेबांना स्ट्रेचरवर झोपायची विनंती केली. त्यांनी असं पाहिलं, की मीच आडवी व्हायची बाकी राहिले. हॉस्पिटलच्या मोठ्या सिस्टर तिथेच होत्या, अंगाने भरलेल्या, बोलायला कमी. लिफ्टमध्ये वजनं भरलेलीच होती; चपला काढून त्याच झोपल्या, पोटावर पातेलं. तिसऱ्यावर चाक अडखळलं आणि पाणी त्यांच्या अंगावर. उठून त्यांनी साहेबांना विचारलं, पोटाला वीस टाके असलेल्या माणसाला इथून न्यायचं का. साहेबांनी रुमाल काढून दिला. सही मी केली नाही, आणि सोळापासून स्टोअरमध्ये आहे.

उद्घाटनाचे पाहुणे जिने चढले. मग कुठे दुरुस्ती झाली. भाराने खाली बसलेली लिफ्ट स्वतःला सावरते. तिसऱ्या मजल्यावर तिला सावरायला सांगणारी पट्टी चुकीच्या जागी होती. दोष ज्याने लिहिला त्यानेच तो मिटल्याची सही करायची, असा नियम आहे. म्हणून मला तासाभरासाठी बाहेर काढलं. सगळं पुन्हा तपासलं, सही केली, परत स्टोअरमध्ये. अजून महिनाभर तरी इथेच. नट बोल्टांपेक्षा सातने जास्त भरतात, ते सात कुणाचे याचा तपास चालू आहे.

माया आहे तेवढी राहू दे.

तुझी उचापत


७ एप्रिल

चि. उचापतीस अ. उ. आ.

परवा तुझ्या गावी येऊन गेले. सकाळची बस, चारच्या बसने परत. तुला कळवलं नाही. मला भेटायला स्टोअर सोडलं असतंस, तर साहेबाला तेवढंच निमित्त. बसमध्ये काही बोलायचं नव्हतं, पण शेजारणीने विचारलं कुठे निघालात, म्हणून सांगितलं. ड्रायव्हरपर्यंत ऐकू गेलं तर त्याला मी काय करणार.

हॉस्पिटलच्या दारावरच्या माणसाने विचारलं, कुणाला भेटायचंय. लिफ्टला, म्हटलं. त्याने मला डोळ्यांच्या डॉक्टरकडचा रस्ता दाखवला. शेवटी तुझ्या सिस्टर आल्या, मी कोण ते कळल्यावर हाताला धरून घेऊन गेल्या. लिफ्टमध्ये तुझा कागद काचेत लावलाय. बारीक छापील अक्षर मला झेपलं नाही, सही ओळखली. कोंबडीने पाय पुसल्यासारखी आहे, ती सुधार.

तेवढ्यात स्ट्रेचर आत आलं. माझ्याच वयाची बाई, ऑपरेशन होऊन निघालेली, गाढ झोपलेली. तिसरा मजला आला, दार उघडलं, त्यांनी तिला बाहेर ढकललं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. पापणीसुद्धा हलली नाही.

लोभाचं काय लिहू, बसचं तिकीट जपून ठेवलंय.

आजी