उलट्या चपलांची मुलगी परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. ग्रंथालय अधिकारी,
सार्वजनिक ग्रंथालय, मुख्य शाखा.

विषय : ग्रंथालयाच्या तीन पुस्तकांतून एक मुलगी नाहीशी झाल्याबाबत, तसेच त्यांपैकी एका पुस्तकाला मुदतवाढ मिळण्याबाबत.

संदर्भ : जुनी पुस्तके रद्दीत काढायची असल्याने घरी राहिलेली पुस्तके सभासदाने स्वतः हजर राहून परत करावीत, अशी आपली सूचना.

महोदय,

१. ज्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न मोडले आणि त्याच मुलाशी पुन्हा ठरले, त्या वर्षी माझी पत्नी आपल्या ग्रंथालयाची सभासद झाली. मी साबणाच्या कारखान्यात वड्या कापण्याच्या टेबलावर होतो. साबणातल्या कॉस्टिक सोड्याने तळहात चिरत. संध्याकाळी कोमट पाण्यात हात भिजवायचे, मलम थापायचे आणि वरून जुने पायमोजे चढवून बसायचे, ही आमच्या खात्यातल्या सगळ्यांचीच रीत होती. मोजे चढवलेल्या हातांना दुसरे काही करता येत नाही. त्या वेळात पत्नी मला पुस्तक वाचून दाखवी. मला अक्षरओळख नव्हती, मी पुस्तके रंगावरून ओळखत असे. मी शिकतो म्हटले की ती म्हणे, "या वयात कशाला डोळे फोडून घेता? मी आहे ना." म्हणून ती होती तोवर मी शिकलो नाही. ती गेली तेव्हा पिवळे पुस्तक अर्ध्यावर राहिले होते. त्यात पुढे काय झाले हे कळावे, एवढ्यासाठी मी प्रौढ वर्गात नाव घातले.

२. आता मला वाचता येते. त्याचा परिणाम असा झाला की माझी फसवणूक झाल्याचे मला कळले.

३. लाल बांधणीची कादंबरी मी प्रथम वाचली. मत प्रामाणिकपणे देतो. दोन भाऊ नावेच्या धक्क्यासाठी भांडतात. पुस्तक वाईट नाही, पण भाऊ बोलायला लागले की थांबत नाहीत आणि नदीचे वर्णन इतके आहे की वाचताना अंग ओले वाटते. आमच्या घरी हे पुस्तक वाचले गेले तेव्हा त्यात नावाड्याची एक लहान मुलगी होती. ती डावी चप्पल उजव्या पायात घाली, उजवी डाव्यात, आणि कोणी सांगितले तर म्हणे, "अशीच असते." धक्क्याचे भांडण तिच्यामुळे मिटले होते. छापील पुस्तकात नावाड्याला मूलच नाही. भांडण कोर्टात मिटते.

४. हिरवे पुस्तक प्रवासवर्णनाचे. लेखक हुशार असेल, परंतु त्याला डोंगरांच्या उंचीत आणि स्वतःच्या पोटाच्या तक्रारीतच रस आहे. तो कोणाच्या घरी पाणी प्यायला, त्याचे नावसुद्धा लिहीत नाही. पूर्वी याच पुस्तकात एक शाळकरी मुलगी त्याला वाट दाखवायला पुढे चाले. चढणीवर तिचा पाय घसरे, कारण घाईत चपला उलट्या घातलेल्या असत. ती कुठेही नाही. लेखक वाट विचारत एकटाच जातो आणि चुकत नाही. निराशा झाली.

५. पिवळे पुस्तक मधमाशीपालनाचे निघाले. उपयुक्त आहे. पेटी कुठल्या दिशेला ठेवावी, धूर किती द्यावा, हे नीट सांगितले आहे. मधमाशी पाळणाऱ्याची तक्रार असणार नाही. परंतु पत्नीने वाचले त्या अर्ध्या भागात ती मुलगी मोठी बाई झाली होती, दूरच्या दवाखान्यात नोकरीला लागली होती, केसात एक पांढरी बट आली होती. बंदरावर बोटीचा भोंगा झाला, तिने घाईघाईने चपला पायात सरकवल्या, अर्थात उलट्या, आणि बोटीत चढायच्या फळीवर पाऊल ठेवले. तिथे पत्नीने पुस्तक मिटले. "राहिलेलं उद्या," म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिला ताप होता. नंतर पुस्तक उघडले गेले नाही.

६. प्रती बदलल्या असाव्यात, अशी शंका मी आपल्या काउंटरवरील बाईंपाशी बोलून दाखवली. त्या म्हणाल्या, "आजोबा, पुस्तक म्हणजे काय लाडवांचा डबा आहे, कोणी मधल्यामधे एक उचलायला?" प्रती त्याच आहेत हे मला मान्य करावे लागले, कारण तिन्हींच्या पुठ्ठ्यावर माझ्या मलमाचे डाग आहेत. प्रौढ वर्गाच्या शिक्षिकाबाईंनी पाने तपासली. फाटलेले काही नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "तुम्ही बरोबर वाचलंय, आजोबा. यात आहे ते एवढंच."

७. शेवटी बहिणीकडे गेलो. ती हसली, मग हसायची थांबली. म्हणाली, "दादा, वहिनी वाचायची कुठे? ती सांगायची. पुस्तक नुसतं समोर धरायची. एकदा तर उलटं धरलं होतं. आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं."
मी विचारले, "सगळ्यांना म्हणजे?"
"तू सोडून सगळ्यांना. आणि ती मुलगी कोण, हे तुला खरंच कळलं नाही?"

८. याबाबत नोंद व्हावी की ते मला पहिल्या संध्याकाळीच कळले होते. आमची मुलगीही चपला तशाच घाली. परंतु छापलेले आहे म्हणजे कोणीतरी पाहिलेले आहे, असे मी धरून चाललो होतो. मला वाटे, आमच्या मुलीसारखीच मुलगी आणखी कोणाच्या तरी घरात होती. ती जगली, शाळेत गेली, नोकरीला लागली, आणि एखाद्या शिकलेल्या माणसाने ते पाहून लिहून ठेवले. तेवढ्या भरवशावर मी हात चिरेपर्यंत वड्या कापल्या आणि निवृत्त झालो. आता कळते की कोणीही काही पाहिलेले नव्हते. समोरची बाई माझ्या तोंडाकडे बघत पुढचे वाक्य जुळवत होती. तिने मला माझ्याच घरात, माझेच हात मोज्यात अडकवून फसवले. तिच्याशी भांडावे तर ती नाही. म्हणून अर्ज आपल्याकडे करीत आहे.

९. तरी विनंती की,
(अ) लाल व हिरवे पुस्तक रद्दीत काढू नये. ती फार चांगली नाहीत, पण मुलगी त्यांतून गेलेली आहे.
(आ) माझी पत्नी आपल्या वाचन-कक्षात दुपारी बसत असे. तिने बोटीच्या पुढची हकीकत कोणा वाचकाला, शिपायाला किंवा झाडणाऱ्या बाईंना सांगितली असल्यास चौकशी करून कळवावे. मुलगी अद्याप फळीवर उभी आहे.
(इ) तसे कोणी न मिळाल्यास पिवळे पुस्तक माझ्याकडे राहू द्यावे. हात आता बरे आहेत, तरी रोज संध्याकाळी मलम लावून, मोजे घालून ते समोर घेऊन बसतो. पुढचे वाक्य जुळवून पाहतो. तोंडून मधमाश्याच निघतात. शिक्षिकाबाईंनी मला छापलेले तेवढेच वाचायला शिकवले आहे. दुसऱ्या तऱ्हेचे वाचन अवघड आहे आणि मला वेळ लागेल. किती, हे आज सांगता येत नाही. मुदत त्या मानाने द्यावी.

तसदीबद्दल क्षमस्व.

आपला नम्र,
(सही, स्वतःच्या हाताने)
सभासदाचा पती,
साबण कारखान्यातील निवृत्त कामगार
दिनांक : ४ मार्च

सोबत : आपली मूळ सूचना.

सभासदाने स्वतः हजर राहावे असे सूचनेत आहे, त्याबाबत खुलासा : सभासद, म्हणजे माझी पत्नी, दोन वर्षांपूर्वी जानेवारीत तापाने वारली. आमची मुलगी चार वर्षांची असताना वारली. बहिणीचे लग्न मोडल्यानंतर आणि पुन्हा ठरण्याआधी, त्या मधल्या महिन्यात. ती गेल्याचे कळून मुलाकडची मंडळी आम्हाला भेटायला आली होती, आणि लग्न त्याच दिवशी पुन्हा ठरले.