लाल ठिपक्याचं ताट

प्रिय मावशी,

आज कॉलेजात प्रॅक्टिकल होतं. तोंडातला नमुना द्यायला पोरी लाजत होत्या, म्हणून परवा मी माझ्याच जिभेवर कापसाची काडी फिरवली आणि जंतू वाढवायच्या डिशमध्ये टेकवली. आज डिश उघडली तर दह्याच्या शिंतोड्यांसारखे पांढरे ठिपके! तपासलं, तर तुझ्या तोंडात होतं तेच यीस्ट, तीच बुरशी. वर्ग कसाबसा संपवला आणि तुला लिहायला बसले.

मला हे नवं होतं का गं? कित्येकांच्या तोंडात ते गुपचूप राहतं, हे मीच शिकवते. अंगातली राखण ढिली पडली की मग ते शेफारतं. केमोनं तुझी राखण मोडली आणि ते गालाला आतून चिकटलं. हळदीच्या बेण्याला फुटावेत तसे त्याला कोंब फुटले, ते कातडी पोखरत गेलं आणि औषध पोचू नये म्हणून वर चिकट थर करून बसलं. या उत्तराला मी पोरींना पैकीच्या पैकी मार्क देते.

तुझ्या ताटात जेवून धडधाकट लेकराला काही होणार नाही, हेही मला पाठ होतं. तरी तुझी जीभ पांढरी दिसली, आणि तुझ्या ताटातला भात खाणाऱ्या माझ्या चिमीला मी ओढून काढलं. तुझ्या ताटाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. वर तुला म्हणाले, हे तुझ्यासाठीच आहे, आमचे जंतू तुला लागू नयेत म्हणून. किती सफाईनं खोटं बोलले मी!

तू ते शेजारच्या काकूंना कौतुकानं सांगितलंस. "माझी पोरगी शिकलेली, मला लई जपून राहिली." मी आत पोळ्या लाटत ऐकत होते. तेव्हाच बाहेर का नाही आले?

औंढ्याला तुझ्याकडे शाळेला होते तेव्हा मला कांजिण्या आल्या होत्या. बायकांनी तुला बजावलं, पोरीला जवळ घेऊ नको म्हणून, आणि तू मला मांडीवर घेऊन तुझ्याच ताटात वरणभात कालवलास. कांजिण्या तर खरंच लागतात गं!

शेवटी तुला घास गिळवेना. नांदेडला दवाखान्यात न्यायच्या सकाळी तू आपलं ताट स्वतः धुतलंस, बाजूला पालथं घातलंस आणि म्हणालीस, "तुला भेव वाटून राहिलं, ते मला कळलं व्हतं. काकूला तसं सांगितलं, तुला कुणी नावं ठेवू न्हाई म्हून."

मी त्यावर काय बोलले? रिक्षा आली, म्हणाले. तू परत आलीच नाहीस.

काकू अजून चारचौघींत माझं कौतुक करतात. मला मान वर करवत नाही.

मावशी, ते ताट आज मी बाहेर काढणार आहे. ठिपका खरवडणार नाही. रोज त्यातच जेवीन, चिमीला त्यातूनच भरवीन. आणि आज घरी जाताना आधी काकूंच्या दारात थांबेन, सगळं खरं सांगेन. नावं ठेवू देत त्यांना.

तुझ्या ताटात जेवलेली,
सुमी