गच्चीवरची आवक-जावक

१२ जून २००५, रविवार
आजपासून गच्चीवरील भाजीपाल्याची शास्त्रशुद्ध नोंद सुरू. गेली दोन वर्षं बाग होती, पण नोंद नव्हती. म्हणजे खऱ्या अर्थाने बाग नव्हतीच.

निमित्त असं. सोसायटीचे चेअरमन हिंदुराव शितोळे काल जिन्यात भेटले. आमची बिल्डिंग उभी आहे ती त्यांच्या ज्वारीच्या शेतावर. बदल्यात त्यांना चार फ्लॅट मिळाले. म्हणाले, एका मोबाइल कंपनीला गच्चीवर टॉवर टाकायचाय, भाडं बरं देत्यात. तुमची बाग मोडायला माझं मन होत नाही, खासनीस साहेब, पण सभेत लोक इचारणार, गच्ची कामाची हाय का नुसती हौस हाय. सप्टेंबरच्या सभेत काय निघतंय ते कागदावर दाखवा.

कागदावर. आणि हे सांगितलं कुणाला, तर उभी नोकरी स्कूटरच्या कारखान्याच्या स्टोअर्समध्ये काढलेल्या माणसाला. माझ्या सहीशिवाय तिथे वॉशर हलत नसे. टॉवरचा प्रश्न मिटल्यात जमा.

१४ जून
चिरंजीव योगेशच्या कॉम्प्युटरवर एक्सेल शीट तयार केली. तो हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे, दिवसभर कॉम्प्युटर रिकामाच. एक्सेल मी स्वतःच शिकलो, क्लास न लावता. शेतीही तशीच. मराठी टाइप केलं की चौकोन दिसतात, म्हणून पाट्या इंग्रजीत. टोमॅटो आता टोमॅटो नाही, टी-झीरो-थ्री.

गच्चीच्या कोपऱ्यातल्या वाफ्यात लाल देठाचं काहीतरी उगवलंय. सौ. म्हणाली, ती अंबाडी आहे, माहेराहून, वर्ध्याहून बी आणलंय, हात लावू नका. मी म्हटलं, आराखड्यात अंबाडी नाही. उपटली नाही, पण 'तण' या सदरात घेतली.

योगेशने रात्री शीट पाहिली आणि म्हणाला, बाबा, गार्बेज इन, गार्बेज आउट. खताबद्दल असावं. त्याला वेगळा कॉलम केला.

१९ जून
स्टोअर्सची पद्धत लागू. यापुढे मागणी-चिठ्ठीशिवाय बागेतलं पानही तोडायचं नाही. चिठ्ठ्यांचं पॅड स्वयंपाकघरात टांगलं.

सौ.ने सकाळी पहिली चिठ्ठी भरली. 'कोथिंबीर, थोडी.' थोडी हे माप नव्हे. परत पाठवली. मग लिहिलं, 'मूठभर'. कुणाची मूठ, ते नाही. तिसरी चिठ्ठी बरोबर होती, पण तोवर पोहे खाऊन झाले होते. सौ. म्हणाली, तुमच्या कारखान्यातून स्कूटर बाहेर पडायची तरी कशी हो. मी म्हटलं, रीतसर.

३ जुलै
चिठ्ठ्या येणं बंद झालं आहे. म्हणजे पद्धत अंगवळणी पडली; अनावश्यक मागणी आपोआप थांबली.

आज भेंडीचं मानक ठरवलं. पंधरा सेंटिमीटर भरल्याशिवाय तोडायची नाही. सौ. म्हणाली, तोवर तिचं लाकूड होईल. तिला समजावलं की अनुभव वेगळा आणि डेटा वेगळा. ती कणीक मळत होती, त्यामुळे कितपत पोचलं सांगता येत नाही.

१७ जुलै
पहिली तोडणी. सहाही भेंड्या मानकात. फोटो काढला. फोटोत फूटपट्टी स्पष्ट आली आहे.

भाजी दोनदा कुकरला लावली. योगेशने एक घास घेतला आणि कंपनीच्या कँटीनची स्तुती केली. ती तो कधी करत नाही. गुण: दहापैकी दोन. कारण: पाण्यात क्षार.

२४ जुलै
तूट. काल संध्याकाळी मोजल्या तेव्हा झाडावर अकरा कोवळ्या भेंड्या होत्या. आज सकाळी फिरून आलो तर तीन. गवारीचा वेगळा हिशोब नको, ती सगळीच गेली.

पोपट.

देठ मात्र सुरीने कापल्यासारखे सरळ. इतकी धारदार चोच असू शकते याची कल्पना नव्हती. स्टोअर्समध्ये उंदीर असत, पण ते असा व्यवस्थितपणा दाखवत नसत. शीटमध्ये 'पोपट' कॉलम उघडला. सौ.ला सावध राहायला सांगितलं. म्हणाली, राहते.

३१ जुलै
'बाहेरील भाजी' अशी नवी शीट, तुलनेसाठी. आपण कुठे कमी पडतो हे कळायला हवं. मंडईतली भेंडी आज जेवणात होती. अतिशय कोवळी, रंग हिरवागार. दहापैकी नऊ. परवाची गवारही नऊ. मी जेवतानाच म्हटलं, याला म्हणतात भेंडी. सौ.ला विचारलं, कुणाकडून आणतेस. म्हणाली, एक बाई आहे ओळखीची.

एकदा त्या बाईंना भेटायला हवं. त्या नोंदी ठेवत असणार.

७ ऑगस्ट
कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन पोपट जवळून पाहिले. चोच वाकडी आहे. तरीही.

१४ ऑगस्ट
बुजगावणं उभं केलं. अंगात माझा स्टोअर्सचा जुना युनिफॉर्म, खिशाला पेन. दुसऱ्या मजल्यावरच्या भाग्यश्री कपडे वाळत घालायला गेल्या आणि त्याला नमस्कार करून आल्या. पोपटांवर शून्य परिणाम. सौ.ने त्याच्या हातावर टॉवेल वाळत घातला.

सौ. हल्ली सकाळी गच्चीवर बराच वेळ लावते. दोन माणसांचं धुणं आणि योगेशच्या जीन्स, त्याला एवढा वेळ? बोललो नाही. गुडघे दुखत असतील.

२८ ऑगस्ट
तोडणीला आलेलं एकूण पीक फारच कमी. जे पोपट सोडतात तेच पंधरा सेंटिमीटरला पोचतं आणि ते खाता येत नाही. पोपटांना मानक कळत नाही, हे उघड आहे.

'तणा'ची मात्र भरभराट. ज्याची नोंद ठेवत नाही तेच वाढतं. हा निसर्गाचा आडमुठेपणा.

रात्री पानात अंबाडीची भाजी होती, वर लसणाची फोडणी. सौ.च्या माहेरचं कुणी येऊन गेलं असावं. दहापैकी दहा देणार होतो, पण तत्त्व म्हणून साडेनऊ.

८ सप्टेंबर, ऋषिपंचमी
आज बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हाताने पिकवलेलंच चालतं. सौ.ने ऋषीची भाजी मोठं पातेलंभर केली. भेंडी, दोडका, अळू, गवार, अंबाडी, सगळं. बिल्डिंगमध्ये घरोघरी वाट्या गेल्या. चव अप्रतिम.

पण मुद्दा मुद्द्याच्या जागी. मी विचारलं, मंडईतल्या भाजीला बैल लागला नाही हे तू कशावरून सांगतेस? ती म्हणाली, मला माहीत आहे. मी म्हटलं, पुरावा काय? ती म्हणाली, जेवा.

बागेची आजची जावक: निरंक.

२२ सप्टेंबर
सभा रविवारी. अहवाल तयार. पानं चौदा, आलेख रंगीत. पिकाची रेघ जुलैत थोडी वर जाते आणि मग जमिनीला लागते. योगेश म्हणाला, बाबा, हे दाखवू नका, किंवा थोडे आकडे वाढवा, कोण तपासतंय. मी तपासतोय, असं म्हटलं. माझ्या सहीखाली खोटा आकडा आजवर गेलेला नाही. अडचणी प्रामाणिकपणे मांडल्या की लोक मुदतवाढ देतात.

सौ. म्हणाली, सभेत तुम्ही बोलू नका, मी बोलते. विचारलं, तुझ्याकडे आकडे आहेत? म्हणाली, माणसं आहेत, खाणारी. मी नकार दिला. विषय तांत्रिक आहे.

ती भांडी घासायला बसली. मग म्हणाली, माझी अंबाडी तेवढी राहिली पाहिजे, पुण्यात मला माझं असं दुसरं काही नाही. बायका एकदम मोठं बोलतात.

२५ सप्टेंबर, रविवार
सभा खाली पार्किंगमध्ये झाली. वृत्तांत नि:पक्षपातीपणे लिहितो.

मी अहवाल वाचला. पाचव्या पानावर हिंदुराव म्हणाले, साहेब, एका वाक्यात सांगा. मी म्हटलं, एका वाक्यात सांगायचं तर पोपट. लोक हसले. वातावरण अनुकूल होतं.

तेवढ्यात भाग्यश्री उठल्या. म्हणाल्या, टॉवर नको, बाग राहू दे, काकूंची भाजी आमच्याकडे दर आठवड्याला येते, माझी मुलगी भेंडी खायला लागली ती त्यामुळे. मग तळमजल्यावरच्या द्वारकाबाई म्हणाल्या, यंदाची ऋषीची भाजी अख्ख्या बिल्डिंगने या गच्चीवरची खाल्ली, कुणी नाही म्हणावं. पाच-सहा माना हलल्या. हिंदुराव म्हणाले, मग प्रश्न मिटला की, बाग ऱ्हाऊ द्या.

माझ्या लक्षात आलं की सभेची दिशाभूल होते आहे. उठलो. तारीखवार सिद्ध केलं की आमच्या बागेतून गवारीची जावक एकदाही झालेली नाही आणि ऋषिपंचमीला तर निरंक आहे. भाग्यश्री म्हणाल्या, मग आम्ही काय खाल्लं, काका? मी म्हटलं, मंडईतलं. तीही शीट आहे माझ्याकडे. सातवं पान.

सौ. पहिल्या रांगेत होती. अहो, खाली बसा, असं म्हणाली. मी म्हटलं, एक मिनिट, पूर्ण करू दे.

हिंदुरावांनी दोनदा विचारलं, साहेब, इचार करून बोला, भाजी हितली का भायेरची? मी म्हटलं, कागद खोटं बोलत नाही. मग हात वर झाले. टॉवर मंजूर.

सभेनंतर हिंदुरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, असा माणूस मी पाहिला नाही. निदान प्रामाणिकपणाची कदर झाली. इतिवृत्तात शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या, त्या दुरुस्त करून मी सही केली.

सौ. बोलत नाही. थकली असावी.

२७ सप्टेंबर
सौ.चा स्वयंपाक दोन दिवस एकच. वरण-भात, वरण-भात.

करण्यासारखं काही नव्हतं म्हणून दोन शीट्स शेजारी ठेवल्या. एक 'पोपट', एक 'बाहेरील भाजी'. सहज आलेख काढला. ज्या दिवशी पोपटांनी भेंडी नेली त्या दिवशी पानात भेंडी. गवार नेली त्या दिवशी गवार. दोन्ही रेघा एकमेकींवर अशा बसल्या की एकच दिसते. इतका सुंदर आलेख मी आयुष्यात काढला नव्हता.

आलेख छापून घेतला.

स्वयंपाकघरात गेलो. सौ. सुरी धूत होती. विचारलं, ती ओळखीची बाई कोण? म्हणाली, आता काय करायचंय. मी म्हटलं, आधी सांगायचं. म्हणाली, सांगितलं असतं तर चिठ्ठी मागितली असतीत.

यावर म्हणण्यासारखं बरंच होतं मनात, पण ते चिठ्ठीबद्दलच होतं.

२८ सप्टेंबर
आलेख घेऊन हिंदुरावांकडे गेलो. त्यांनी तो उलटा धरून पाहिला, मग सुलटा. म्हणाले, म्हंजे भाजी हितलीच होती. मी म्हटलं, होय, आता सिद्ध करता येतं. म्हणाले, साहेब, ते आम्हाला खाऊन कळलं होतं. ठराव झालाय, कंपनीला कळवलंय, आन् खाली सही तुमचीबी हाय.

सही माझीच होती. स्पष्ट, तारखेसह.

१६ ऑक्टोबर
वाफे मोडले. माती चार फेऱ्यांत खाली गेली. टॉवरचे लोक बुजगावण्याला कोण आहे विचारत होते. युनिफॉर्म उतरवून घेतला.

मंडईत स्वतः गेलो, पहिल्यांदाच. भेंडी आणली. दहापैकी चार. सौ.ने दिली तशीच मुकाट्याने खाल्ली, गुण सांगितले नाहीत.

३० ऑक्टोबर, रविवार
सौ.ने मोडामोडीच्या आधीच अंबाडीचं एक रोप डालडाच्या डब्यात लावून गॅलरीत आणून ठेवलं होतं. मला आज दिसलं. तिने माझ्याकडून वचन घेतलं आहे की या डब्याला पाटी लावायची नाही, फूटपट्टी लावायची नाही आणि कुठेही एक अक्षर लिहायचं नाही. दिलं. मनापासून दिलं.

आज दोन पानं नवी.