परसेप्टिव्ह म्हणजे काय गो?

पेण, ता. ९ ऑगस्ट १९९५

चि. सौ. प्रणिता हिस मावशीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आम्ही ठीक. म्हणजे गणपती तोंडावर आले की मूर्तींच्या कारखान्यात जसं असतं तसं. पाठ धरली आहे, डोळे चुरचुरतात. कारखान्याचे मालक दाजी रोज नवी ऑर्डर घेतात आणि म्हणतात, "इंदुबाय, एवढ्यांचे डोले तेवढे आखून दे गो." एवढे-तेवढे करता करता चहा गार होतो. असो, रडगाणं पुरे.

मूर्ती बघायला आलेली मुंबईची बाई माझ्याबद्दल एक इंग्रजी शब्द बोलून गेली. त्याचा अर्थ तुला विचारला, तर तू पानभर धडाच पाठवलास! मास्तरीण ती मास्तरीणच. परसेप्टिव्ह म्हणजे न सांगता ज्याच्या ध्यानात येतं तो. माणसाला लावायचा, त्याच्या बोलण्यालाही चालतो, चष्म्याच्या नंबराशी त्याचा संबंध नाही. खाली वाक्यंसुद्धा! दाजींना वाचून दाखवलं. म्हणाले, "मंग बाय बरोबरच बोलली. तुला सगलं दिसतंय."

मी त्या बाईला एवढंच विचारलं होतं, मूर्ती पाटावर बसणार की उंच मखरात? त्याप्रमाणे बुबुळ वर-खाली ठेवावं लागतं, नाहीतर देव हात जोडणाऱ्याच्या डोक्यावरून पाहतो. इतकी वर्षं हेच केलं. आता कोणीही समोर आलं की आधी त्याची नजर कुठे टेकते ते दिसतं. खोड म्हण.

त्या खोडीनेच दिसलं, म्हणून रागावू नकोस. आषाढात तू आलीस तेव्हा तुझी नजर माझ्या डोळ्यांवर नव्हती, ओठांवर होती. मी गॅसकडे तोंड करून विचारलं, भात टाकू की भाकरी? तू हसून "हो" म्हणालीस.

परवा हर्षदराव कामासाठी पेणला आले होते. म्हणाले, "मावशी, हल्ली हाका मारल्या तरी बायको ओ देत नाय. मास्तरकीची हवा डोक्यात गेलीय." तुझ्या सासूबाईही तुला शिष्ट म्हणतात म्हणे. फार वाईट वाटलं गो. शिष्ट म्हटलेलं चालेल पण बहिरी नको, असंच ना? वर्गातल्या एवढ्या पोरांची तोंडं वाचून दिवसाअखेर किती दमत असशील.

शाळेला कळलं तर काय, ही भीती मलाही वाटते. नोकरी राहील की जाईल, मला सांगता येत नाही. पण कानाचे डॉक्टर इथे दर बुधवारी बसतात. पुढच्या बुधवारची रजा मी दाजींकडे मागितली, ऐन हंगामात. आरडाओरडा केला, पण दिली. सकाळच्या गाडीने ये. हर्षदरावांना तूच सांग. जमत नसेल तर मी सांगेन, पण तुझ्यासमोर. तुझ्या माघारी एक अक्षर बोलणार नाही.

स्टेशनवर मी उभी असेन. हाक मारणार नाही. जवळ येऊन हात धरेन.

तुझी,
इंदुमावशी