पेनने लिहिलेली चिठ्ठी

मंगळवार, संध्याकाळ. सावेडी.

काय करून बसले मी! मातीच्या नमुन्याच्या पिशवीत टाकायची चिठ्ठी पेन्सिलनेच लिहायची, हे प्रयोगशाळेतल्या सरांनी इंटर्नशिपच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी पेनने लिहिली. माती ओली होती. नेवाशाच्या दोन शेतकऱ्यांच्या चिठ्ठ्यांवर आता नुसता निळा डाग आहे. कुठली माती कुणाची? मी अंदाजाने नावं घातली. सरांनी दोन्ही रिपोर्टवर न बघताच सही केली.

बोटाला लागलेली शाई साबणानेही जात नाहीये.

मघाशी त्या दोन शेतकऱ्यांतल्याच एका काकांचा फोन आला. नमुने आणताना मीच नंबर दिला होता. "मॅडम, रिपोर्ट झाला का? तुमी लिवलंय तेवढंच खत टाकनार. अंदाजावर लई वर्सं काढली."

मी "झाला, काका" म्हणाले. का म्हणाले?

सरांना सांगितलं तर प्रमाणपत्र अडकणार, आणि त्याशिवाय एमएस्सीचं हे सेमिस्टर पुरं होत नाही. दोन्ही जमिनी सारख्या असत्या तर चाललं असतं. पण एक चांगलीच खारवट निघालीय, तिचा खताचा हिशोबच वेगळा.

परत हात धुतले. निळं तसंच.

अंदाजावर लई वर्सं काढली, काका म्हणाले. मीही त्यांना अंदाजच दिलाय. फक्त सही-शिक्क्याचा.