नऊ नंबर द्या

॥ श्री ॥

आर्वी,
ता. ९ नोव्हेंबर १९८३

चि. प्रभाकर यास,

आनंदाबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. भाऊबीजेची तुझी ओवाळणी मनिऑर्डरने पोचली. पोस्टमनला पाट मांडून ओवाळायचं बाकी ठेवलं. पुढल्या वर्षी स्वतः आला नाहीस तर तुझं नाव टाकीन.

बातमी गोड आहे. अन्नपूर्णाचं लग्न ठरलं. मुलगा रायपूरला शाळेत मास्तर आहे, माणसं साधी आहेत. मुहूर्त वैशाखातला. पण पोरगी इतकी दूर, परक्या मुलखात जाणार म्हणून मला घास गोड लागत नाही.

दुसरा घोर त्याहून मोठा. आमचे हे आणि माझे धाकटे दीर पुंडलिकभाऊजी वाटण्या झाल्यापासून एकमेकांशी बोलत नाहीत, हे तू जाणतोसच. दुकानं समोरासमोर, मधे फक्त रस्ता. दिवसभर एकमेकांसमोर बसून दोघं भलतीकडेच पाहतात. आणि भांडण कशाचं, तर फोनच्या नंबराचं! शेत वाटलं, घर वाटलं, परातीसुद्धा वाटल्या. सासऱ्यांचा नऊ नंबर तेवढा वाटता आला नाही. गावातला तो नववा फोन. थोरले म्हणून तो यांच्याकडे राहिला. भाऊजींनी नवा घेतला, त्यांना चौसष्ट मिळाला. बाहेरगावचे लोक सरकी-ढेपेसाठी अजून ‘आर्वी नऊ’च मागतात, म्हणून भाऊजींना वाटतं, बापाचं नावच थोरल्यानं नेलं.

अन्नपूर्णा तर काकाच्या खांद्यावर वाढली. ती म्हणते, काका मांडवात नाई आला तर मी अंगाले हळद लावू देणार नाई. पोरीचा हट्ट तुला माहीत आहे. यांना सांगितलं तर हे म्हणतात, मी काऊन बोलू पहिले?

आता इथे मशीनचं एक्स्चेंज येणार म्हणतात. यांचा निरोप असा, की साळा टेलिफोन खात्यात आहे तर आपला नऊ नंबर हलू देऊ नको म्हणून लिही. माझंही एक विचारणं आहे. आजवर फोन उचलला की ऑपरेटर कवडूजी विचारत, कोण पाहिजे, आणि जोडून देत. ते गेल्यावर मशीनला कसं कळणार कोणाचं घर कुठे आहे?

लोभ आहे तसाच राहू दे, कमी झाला तर कान धरीन.

तुझी,
आनंदाबाई

---

नागपूर,
ता. २० नोव्हेंबर १९८३

ती. बाईस,

प्रभाकरचा शि. सा. नमस्कार वि. वि. लग्नाची बातमी वाचून घरात पेढे वाटले. तुझ्या वाट्याचे मीच खाल्ले.

एक गंमत सांगतो, पण मनात ठेव. तुझं पत्र आलं त्याच टपालात पुंडलिकरावांचंही आलं. त्यांनाही नऊच पाहिजे! मी दोघांनाही तेच कळवतो: तो आता कुणालाच मिळणार नाही. यात माझा वशिला चालत नाही, ब्रह्मदेवाचाही चालणार नाही.

कारण ऐक. कवडूजी ऐकत ते माणसाचं बोलणं, मशीन ऐकतं ते आकडे, तेही एकेक करून. नऊ फिरवला की मशीन लगेच माझ्या भाऊजींची, म्हणजे तुमच्या घरची घंटा वाजवून मोकळं होणार. मग नऊने सुरू होणारा दुसरा एकही नंबर गावात देता येणार नाही. दारातच एकजण आडवा झोपला तर बाकीच्यांनी घरात जावं कसं? म्हणून सगळ्यांचे नंबर सारख्या लांबीचे, तीन आकडी. शून्य म्हणजे गावाबाहेर जायचं दार, आणि एकचा आकडा ठेवलाय खात्याच्या कामासाठी. आर्वीचे नंबर दोनापासून सुरू होतील. नवाचा २०९, चौसष्टचा २६४.

गावाबाहेरचंही असंच. शून्यानंतरचा पहिला आकडा देशाचा मोठा भाग सांगतो, पुढचे जिल्हा आणि गाव. नागपूर ०७१२, वर्धा ०७१५२, आर्वी ०७१५७. मुंबई मात्र दोनात. आपण सातात, आणि सातात आणखी कोण असेल? जबलपूर, भोपाळ आणि तुझं रायपूर! रायपूर ०७७१. राज्यं वेगळी झाली, पण मला वाटतं, जुन्या सी. पी.च्या, म्हणजे मध्यप्रांताच्या दिवसांतले लागेबांधे तारांनी अजून सोडलेले नाहीत. तेव्हा बाई, पोरगी परक्या मुलखात जाते असं म्हणू नको. आमच्या खात्याच्या हिशेबाने ती सातातून सातातच चालली आहे.

मुलांचे तुला नमस्कार. रागावलीस तरी माया पातळ करू नको.

तुझा,
प्रभाकर

---

॥ श्री ॥

आर्वी,
ता. ८ जानेवारी १९८४

चि. प्रभाकर यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्र यांना वाचून दाखवलं. हे दोन दिवस खट्टू. म्हणतात, नववा होतो तो दोनशे नववा झालो, माह्या पुढं दोनशे लोक बसवले! मी रायपूरच्या ओळी मात्र परत परत वाचते. सातातून सातात. देव तुझं भलं करो.

तरी एक कोडं सुटत नाही. मुंबई एवढी मोठी, तिला दोनच आकडे, ०२२. आणि आमच्या टीचभर आर्वीला शून्य सोडून चार? मोठ्याला लहान नाव आणि लहानाला मोठं, हा कुठला न्याय?

आता खरं दुखणं लिहिते. मी यांना म्हटलं, रस्ता ओलांडवत नाही तर फोन तरी करा. तर म्हणतात, मंग कवडूले चौसष्ट मागा लागते ना. कवडूजी दोघांच्याही शाळेतले सोबती. गावात ते कधी कुणाचं बोलले नाहीत, पण त्यांना स्वतःला तर कळेल कोण आधी वाकला. आठवडी बाजारात जाऊबाई रुख्मिणी भेटली, तर त्यांच्या घरीही अगदी हेच! तिकडे नवाचा आकडा तोंडातून निघत नाही, इकडे चौसष्टचा. आम्ही दोघी मेथीच्या जुड्या हातात धरून हसलो आणि मग दोघींच्याही डोळ्यांत पाणी आलं. पत्रिका छापायला टाकायची आहे आणि अजून काही ठरत नाही.

पत्र लवकर टाक, तुझ्या अक्षराची वाट पाहते.

तुझी,
आनंदाबाई

---

नागपूर,
ता. १९ जानेवारी १९८४

ती. बाईस,

शि. सा. नमस्कार वि. वि. प्रश्न लाखाचा केलास, खात्यात तुलाच घ्यायला हवं होतं. मुंबईत फोन लाखांनी, तिथे घराघराचा नंबरच सहा आकडी. म्हणून बाहेरचा आकडा आखूड ठेवला, नाहीतर माणूस तबकडी फिरवूनच दमायचा. आर्वीत फोन थोडे, आत तीन आकड्यांत भागतं, मग बाहेर चार चालतात. यात कुणी मोठं नाही आणि कुणी लहान नाही. भाऊजींना सांग, २०९ म्हणजे दोनशे नववा नव्हे. दोन, शून्य, नऊ असं सुटं म्हणायचं. ते आकडे मोजायचे नाहीत, ती वाट आहे: या वळणाला वळ, मग त्या. त्यांच्यापुढे कुणी बसलेलं नाही.

आणि दुखण्याचं म्हणशील तर औषध मार्चमध्ये येतंय. मशीन सुरू झालं की मधे कुणी नाही. शून्याचं दार अजून उघडायचंय, तेव्हा बाहेरगावचे ट्रंक कॉल कवडूजीच जोडतील, त्यांची नोकरी कायम आहे, काळजी नको. गावातल्या गावात ज्यानं त्यानं आपणच आकडे फिरवायचे. कोण आधी वाकला हे मशीनला कळत नाही आणि कळलं तरी त्याला तोंड नाही. एवढं भाऊजींच्या कानावर सहज पडू दे. रुख्मिणीवहिनींनीही तिकडे पाडावं. मेथी घेताना ठरवून टाका.

आशीर्वाद असावा, आणि मामाचा मान म्हणून एक जरीचा फेटाही असावा.

तुझा,
प्रभाकर

---

॥ श्री ॥

आर्वी,
ता. १ एप्रिल १९८४

चि. प्रभाकर यास,

आनंदाबाईचे भरभरून आशीर्वाद. वि. वि. घाईघाईत लिहिते आहे, अक्षर लावून वाच.

मशीन सुरू झालं त्या दिवशी गावानं कामं सोडून एकमेकांना फोन केले. दुपारी आमचाही वाजला. यांनी उचलला, तिकडून कुणी बोलेना. ठेवून म्हणाले, राँग नंबर. दुसऱ्या दिवशी मी मागे धान्य पाखडते असं समजून यांनी हळूच तबकडी फिरवली. यांच्या कानाशी काय वाजलं ते मला कळलं नाही, पण रस्त्यापलीकडची घंटा मी साध्या कानांनी ऐकली! भाऊजींनी उचलला आणि यांनी घाईघाईनं ठेवला. मग रोजचं झालं. एक दिवस इकडून, एक दिवस तिकडून. रुख्मिणी म्हणाली, आमच्याकडेही राँग नंबर येतो, आणि तो आल्याबिगर हे जेवाले उठत नाईत. एवढं समोर बसून दोघांचीही पाठ रस्त्याकडे.

परवा आमचा फोन वाजला. यांनी उचलला. तिकडे गप्प, इकडे गप्प. पण या वेळी कुणीच ठेवला नाही. पुढचं तिकडचं रुख्मिणीनं सांगितलं, इकडचं मी पाहिलं. भाऊजींच्या तोंडून जुन्या सवयीनं निघून गेलं, की कवडूभाऊ, नऊ नंबर द्या. सहा वर्षांत पहिल्यांदा तो आकडा त्यांच्या तोंडून निघाला. आता नऊ नंबरही नाही आणि मधे कवडूजीही नाहीत. यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाले, नऊच बोलून राह्यलो, पुंडलिक, बोल.

भाऊजींनी रिसीव्हर गादीवर टाकला आणि तसेच अनवाणी रस्ता ओलांडून आले. यांनीही हातातला गादीवरच टाकला. दोघं रडले, मीही रडले, अन्नपूर्णा काकाच्या गळ्यात पडली. लग्नाच्या पत्रिकेवर निमंत्रक म्हणून आता दोघांची नावं आहेत.

चहा होतोय तोवर कवडूजी धापा टाकत आले. दोन्ही फोन केव्हापासून लागत नव्हते, बिघडले की काय म्हणून पाहायला. दोघा भावांना एका गादीवर पाहून दारातच थबकले. मग आमचा पडलेला रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि जोडलेल्या लाइनवर मधे येऊन रोज विचारत तसंच विचारलं, की झालं काय बोलणं? हे म्हणाले, नाई कवडू, आत्ताच तर चालू झालं. तेव्हा कवडूजींनी तो रिसीव्हर जसा होता तसा गादीवर ठेवला आणि चहाला बसले.

फेटा घेऊन ठेवला आहे. लोभ घेऊन ये.

तुझी,
आनंदाबाई